एवढा पैसा, मग ट्रेन का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

भारतात आले की कुणी ना कुणी विचारतंच, "अगं अमेरिका एवढा श्रीमंत देश, मग तिकडे धड ट्रेन का नाहीत?" मामा विचारतो, शेजारचे काका विचारतात आणि आता मेट्रो तीनने आरेपासून कफ परेडपर्यंत जाऊन आलेली भाचीसुद्धा विचारायला लागलीय. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, कामाला न्यूयॉर्कला ट्रेनने जाते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्याचा आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पैसा नाही असं अजिबात नाही. भाचीची ती मेट्रो बघा, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, खर्च ३७ हजार कोटींच्या वर. न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यू सबवेचा, म्हणजे तिथल्या भुयारी मेट्रोचा, पहिला टप्पा २०१७ च्या १ जानेवारीला सुरू झाला, त्यात तीन नवी स्टेशनं, तीन किलोमीटरच्या आतला मार्ग आणि खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर, म्हणजे आजच्या भावाने जवळपास तेवढेच पैसे! लोक म्हणतात मजुरी महाग, ते खरंच आहे, पण पॅरिस आणि माद्रिदला मजुरी काय मुंबईच्या भावाने मिळते का, तरी तिथे किलोमीटरमागे याच्या कितीतरी कमी खर्च येतो. न्यूयॉर्कला स्टेशनं फलाटाच्या मानाने प्रचंड मोठी खोदली, कारण प्रत्येक खात्याला आपल्या स्वतंत्र खोल्या हव्या होत्या, डिझाइनपासून देखरेखीपर्यंत सगळं कन्सल्टंटकडे, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये इतकी वर्षं जातात की काम येणारी माणसंच पांगतात. दर वर्षी थोडं थोडं बांधत राहिलं असतं तर हात बसला असता, पण तसं होत नाही.

माझ्या रोजच्या वाटेवरचं उदाहरण सांगते. न्यू जर्सीतून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जायला हडसन नदीखाली दोन बोगदे आहेत, एकात जायचा रूळ, एकात यायचा. दोन्ही १९१० सालचे. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं आणि ते मीठ आजही भिंती आणि केबल खातंय. एक बोगदा बंद ठेवावा लागला तर गर्दीच्या वेळी तासाला २४ गाड्या जातात त्या जागी सहाच जाऊ शकतात, त्यामुळे दुरुस्तीलासुद्धा नीट बंद ठेवता येत नाही, म्हणजे आधी नवे बांधल्याशिवाय जुने दुरुस्त होणार नाहीत. बोगद्यांच्या अलीकडे, न्यू जर्सीत, हॅकनसॅक नदीवर त्याच वर्षीचा लोखंडी पूल, बोटींना वाट द्यायला तो फिरवायचा आणि कधी परत जागेवर बसायचाच नाही, मग माणसं घण घेऊन रूळ ठोकून बसवायची आणि तोवर मागे सगळ्या गाड्या उभ्या. (त्याच्या शेजारी नवा पूल उभा राहिलाय, हे मात्र मनापासून आनंदाने सांगते.)

आणि नव्या बोगद्याचं काम सुरू झालंही होतं हो, २००९ मध्ये! २०१० च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ते रद्द केलं, वाढीव खर्च राज्याच्या गळ्यात पडेल म्हणून, आणि त्यातला बराच पैसा रस्त्यांकडे गेला. तेव्हाचा अंदाज ८.७ अब्ज डॉलर होता, आताच्या प्रकल्पाचा १६ अब्ज. २०२४ मध्ये वॉशिंग्टनने करार केला, काम जोरात सुरू झालं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सरकारने पैसे अडवून धरले. माझं मत विचाराल तर खरं दुखणं इथेच आहे, वीस वर्षांच्या कामाला चार वर्षांचे मालक. प्रत्येक नव्या माणसाला ते थांबवता येतं, पूर्ण करायची जबाबदारी मात्र कुणाच्याच अंगावर नाही.

लांब पल्ल्याचं तर वेगळंच. अमेरिकेच्या ईशान्येचा पट्टा सोडला तर अॅमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाड्या बहुतेक मालगाडी कंपन्यांच्या रुळांवरून धावतात. प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असा कायदा १९७३ पासून आहे, पण तो मोडला तर कोर्टात जायचा अधिकार फक्त न्याय खात्याला आणि ते क्वचितच जातं. त्यात मालगाड्या आता इतक्या लांब की बाजूच्या लाइनीत मावतच नाहीत, मग बाजूला थांबते कोण, तर माणसांनी भरलेली गाडी. माझा चुलतभाऊ ह्युस्टनला असतो, तेवीस लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, तिथे अॅमट्रॅकची गाडी आठवड्यातून तीन दिवस येते. आठवड्यातून तीन दिवस! तो मोटार घेऊन निघतो यात त्याचा काय दोष.

शिवाय बांधायला एक वेळ पैसा मिळतो, पण चालवायला नाही. पेट्रोलवरचा केंद्राचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटच आहे, एका पैशाने वाढलेला नाही, आणि त्यातला मोठा वाटा रस्त्यांना. दोन लाखांवरच्या शहरी भागांना बस-ट्रेन चालवायच्या रोजच्या खर्चासाठी केंद्राची नेहमीची मदत १९९८ मध्ये बंद झाली. कोविडकाळात केंद्राने दिलेले पैसे संपल्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात एका फटक्यात बत्तीस बसमार्ग बंद झाले, शाळा उघडायच्या तोंडावर. पुढे ते सुरू झाले, पण कसे, तर डागडुजी आणि नव्या डब्यांसाठी ठेवलेले पैसे वापरून, म्हणजे आजचं भागवायला उद्याचं मोडलं.

आता शेवटचं, जे सांगताना मला वाईट वाटतं कारण ते आपल्यापर्यंत येतं. आमच्याकडच्या बऱ्याच स्टेशनांना चारी बाजूंनी वाहनतळ आहे, त्यापलीकडे मोठा रस्ता, फुटपाथ मध्येच संपतो, बस तासाला एक. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर माणसं राहतच नसतील तर गाडीत बसणार कोण? म्हणून कुणी स्टेशनजवळ चार मजली इमारती बांधू म्हटलं की टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मीटिंगला विरोधाची रांग लागते, ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल, घराची किंमत पडेल. आणि त्या रांगेत आपली माणसं असतात, दादर-ठाण्यात वाढलेली, स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर म्हणजे काय सुख असतं हे ज्यांना पक्कं माहीत आहे ती. शाळेची काळजी खोटी नाही, मलाही मुलगी आहे. पण त्याला उत्तर शाळेत वर्ग वाढवणं हे आहे, घरंच नकोत हे नाही. मी हे तिथे माइकवर उभी राहून बोलते, तीन मिनिटं देतात, पुरतात.

नवा बोगदा सुरू व्हायचं साल २०३५ सांगतात, जुने दुरुस्त होऊन २०३८. तेवढी वाट बघायची माझी तयारी आहे. मधल्या वेळात टाउनशिपच्या मीटिंगला स्टेशनजवळच्या घरांचा विषय पुन्हा येणार आहे, इकडे राहणाऱ्यांनी, विशेषतः जे रोज ट्रेनने जातात त्यांनी, त्या संध्याकाळी जरूर या.