बावीस खोल्या, हायवे २८०

अटलांटात गणपतीला गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "अजून तिकडेच? शेंगदाण्यांच्या गावात?" हो, तिकडेच. जॉर्जियाच्या नैर्ऋत्य भागात अमेरिकस आणि प्लेन्स यांच्यामधलं अंतर दहाएक मैल. त्या रस्त्यावर आमचं मोटेल आहे. एक मजली, इंग्रजी एल आकाराचं. २०२०च्या जनगणनेत प्लेन्सची वस्ती ५७३ भरली. विक्रोलीला आमच्या दोन बिल्डिंगींत मिळून याहून जास्त माणसं राहत असतील.

एप्रिल १९९४मध्ये मोटेल घेतलं. निम्मे पैसे गुजरातेतल्या चरोतरच्या एका पटेलकाकांचे. भागीदारीचा कागद नव्हता, सगळा हिशेब त्यांच्या लाल डायरीत. काकांनी मला आधी चादर घालायला शिकवली, गल्ल्यावर बसवलं ते तीन महिन्यांनी. "जे पोते लॉन्ड्री न करे, एनी मोटेल न टके," असं ते म्हणायचे; जो स्वतः कपडे धूत नाही, त्याचं मोटेल टिकत नाही. आजही ड्रायरमधून निघालेल्या टॉवेलची घडी मी घालतो, मुलगा हसतो तरी.

शेजारी, पाव मैलावर, दुसरं मोटेल. त्याच्या बोर्डावर खोलीच्या दराखाली मोठ्या अक्षरांत 'अमेरिकन ओन्ड' लिहिलेलं, म्हणजे मालक भारतीय नाही. त्या काळात दक्षिणेत असे बोर्ड जागोजागी होते. विमा कंपन्या आपल्या लोकांना पॉलिसी द्यायला खळखळ करायच्या आणि बँकांचंही तेच. अटलांटात १९८९ साली 'आहोआ' ही भारतीय मोटेलवाल्यांची संघटना उभी राहिली ती यातूनच. तरी बोलायचं तर या मुलखात आमचं सोसणं काहीच नाही. जवळच कॉइनोनिया नावाचं शेत आहे. तिथे १९४२पासून गोरे-काळे एकत्र राहत होते. गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, विमा गेला, गोळीबार झाले. त्यांनी पोस्टाने पेकान, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, विकून दिवस काढले. आमच्या वाट्याला फक्त एक बोर्ड आला.

आणि पाऊस. ५ आणि ६ जुलै १९९४. अल्बर्टो नावाचं वादळ येऊन जॉर्जियावर अडून बसलं. अमेरिकसमध्ये चोवीस तासांत २१ इंच. मुंबईचा २६ जुलै लोक अजून सांगतात. आम्ही आमचा अकरा वर्षं आधीच भोगला होता. शेततळ्यांचे मातीचे बांध फुटत गेले आणि पहाटे मागच्या बाजूच्या चौदा खोल्यांत पाणी घुसलं. पीटॅक, म्हणजे खोलीचा एसी, खिडकीखाली, जमिनीलगतच. आत चिखल गेला की मोटर संपली. चौदाच्या चौदा गेल्या. मोटेल घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. ज्या आठ गिऱ्हाइकांना रातोरात शेजाऱ्याकडे पाठवलं, ती कधी परतली नाहीत. त्याची जागा उंचावर होती. खालच्या चिखलात उभे आम्ही वर त्याचा बोर्ड वाचत होतो.

विमावाला आला. पॉलिसी उघडून म्हणाला, छतातून आलेलं पाणी वेगळं, जमिनीवरून आलेलं वेगळं. आमचं जमिनीवरून आलेलं. शून्य डॉलर. काकांनी डायरी मिटली आणि विचारलं, "विकायचं?" मी म्हटलं, ओलं मोटेल घेणार कोण?

चौथ्या दिवशी नऊ नंबरवाले साहेब आले. मोटेल घेतलं तेव्हा जुन्या मालकाने हे गिऱ्हाईकही आमच्या हवाली केलं होतं. शेंगा उपटायची यंत्रं दुरुस्त करायचे. ऑगस्टअखेर यायचे, हंगाम उरकेपर्यंत मुक्काम, कायम नऊ नंबरच. या खेपेला ते ट्रकवर शेंगा सुकवायचे दोन पंखे टाकून आले. शेंगा वॅगनमध्ये भरल्या की खालून गरम हवा मारतात, त्यातले. जुलैत ते रिकामेच असतात. आम्ही कार्पेट आणि त्याखालची गादी ओढून काढली, भिंतीचा शीटरॉक (जिप्समचा पत्रा) खालून दोन फूट कापला, आणि साहेबांनी दारातून पंखा लावला. एकेक खोली दोन दिवसांत खडखडीत. भिंतींना भाजक्या शेंगांचा वास महिनाभर राहिला. पैशाचं विचारलं तर साहेब म्हणाले, नऊ नंबर आधी सुकवा.

पुढची वीस वर्षं खोल्या भरत गेल्या, कर्ज फिटलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. २००७च्या वादळाने अमेरिकसचं हॉस्पिटल नेलं, आमचा फक्त साइनबोर्ड नेला.

शनिवारची रात्र मात्र सांगायला हवी. कार्टरसाहेब, म्हणजे अमेरिकेचे एकोणचाळिसावे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, प्लेन्सचेच. तिथल्या मॅरानाथा चर्चमध्ये ते संडे स्कूल, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घ्यायचे. जागा मिळावी म्हणून लोक आमच्याकडे मुक्काम करून पहाटेच रांगेला निघायचे. आम्ही तीनला कॉफी लावत असू. ऑगस्ट २०१५मध्ये त्यांच्या कॅन्सरची बातमी आली, त्या रविवारी सातशेवर माणसं आली; साहेबांनी जुन्या हायस्कुलात दुसरा वर्ग घेतला. आम्ही लॉबीतही गाद्या घातल्या होत्या.

गावाने आम्हाला आपलं कधी म्हटलं, तेही सांगतो. प्लेन्सच्या मेन स्ट्रीटवर शेंगदाण्याचं आइस्क्रीम घेताना मी बोलून गेलो की कार्टरसाहेबांची आई, मिस लिलियन, १९६६ साली अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून नर्स म्हणून गेल्या, त्या आमच्याच विक्रोलीत, गोदरेजच्या वसाहतीत. आई सांगायची, दवाखान्यात पांढऱ्या केसांची एक गोरी बाई होती. हे ऐकून दुकानातल्या दोन म्हाताऱ्या खुर्ची ओढून बसल्या. त्यानंतर आम्ही 'मिस लिलियनच्या गावचे'. पंचवीस वर्षं टॉवेल धुऊन जे जमलं नाही ते आइस्क्रीमच्या एका कोनात झालं!

धंद्यात नवीन असाल तर टॉवेल पांढरेच घ्या आणि दाराशी गडद फडकी ठेवा, शेतकरी बूट त्यानेच पुसतात. इथली लाल माती चादरीला लागली तर ब्लीच घालू नका, डाग पक्का होतो. गंजाचं औषध वापरा. पीटॅक सगळे एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे एकाचा पार्ट दुसऱ्याला लागतो. आणि फ्रँचायझीवाला आला तर आधी पीआयपी, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या सुधारणांची यादी, वाचा, मग चहा पाजा. आमच्याकडे आलेल्याने बावीस खोल्यांच्या हेडबोर्डचा रंग बदलायला सांगितला होता.

शेजाऱ्याने २०१२ साली विकलं. आज तिथे आणंदचे एक पटेल आहेत, वर नामांकित कंपनीचा झेंडा, सकाळी वॉफलचं यंत्र. 'अमेरिकन ओन्ड'ची पाटी त्यांनी मागच्या शेडमध्ये टाकलीय. मी मागितली, देत नाहीत.

जानेवारी २०२५मध्ये कार्टरसाहेबांची अंत्ययात्रा अमेरिकसहून निघून प्लेन्समार्गे गेली. आर्चरीच्या, त्यांच्या लहानपणच्या शेतावर घंटा एकोणचाळीस वेळा वाजली. आमच्या बावीसच्या बावीस खोल्या भरलेल्या. टीव्हीवाली पोरगी आली, आमच्या पार्किंगमध्ये उजेड चांगला म्हणाली, कॅमेरा लावला आणि मुलाखत घेतली शेजारच्या पटेलांची. पाठीमागे आमचा बोर्ड दिसतो. अर्धा.