बिशपांपासून पळणारे संन्यासी आणि त्यांना गाठणारे बिशप

वसईत संत अंतोनी म्हटले की पादुआचे अंतोनी समजायचे. त्यांचा १३ जूनचा सण पावसाच्या तोंडावर येतो, मंगळवारची नोव्हेना त्यांच्या नावाने होते आणि हरवलेली वस्तू सापडावी म्हणून साकडेही त्यांनाच घातले जाते. १७ जानेवारीला ज्यांचे स्मरण होते त्या इजिप्तच्या अंतोनींचे नाव त्या दिवशीच्या मिस्सेत ऐकू येते, एवढेच. वास्तविक पादुआच्या अंतोनींचे जन्मनाव फर्नांडो होते. १२२० मध्ये कोइम्ब्रा येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना त्यांनी इजिप्तच्या अंतोनींचे नाव धारण केले, कारण तिथला फ्रान्सिस्कनांचा लहानसा आश्रम त्या पुरातन संताला वाहिलेला होता. आमच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन मठांच्या ज्या भग्न भिंती उभ्या आहेत, त्या परंपरेचे मूळ शोधत गेले की चौथ्या शतकातल्या इजिप्तपाशी पोहोचावे लागते. तिथे पोहोचल्यावर एक विसंगती ठळकपणे दिसते. हे पहिले ख्रिस्ती संन्यासी ज्यांच्यापासून पळत होते त्यांत बिशपही होते, आणि त्यांचे संन्यस्त जीवन पुढे टिकले तेही मुख्यतः बिशपांनी हाती लेखणी धरली म्हणूनच.

अंतोनींचा जन्म २५१ च्या सुमारास मध्य इजिप्तमधल्या एका सधन शेतकरी घरात झाला. आईवडील वारल्यानंतर, विशीच्या उंबरठ्यावर असताना, प्रार्थनासभेत त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन ऐकले: पूर्ण व्हायचे असेल तर जा, तुझे असेल ते विक, गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. वडिलोपार्जित जमीन ३०० आरुरा होती, म्हणजे सुमारे २०० एकर; कोकणातल्या एखाद्या खोतालाही हेवा वाटावा एवढी. ती त्यांनी सोडून दिली, धाकट्या बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केले आणि आधी गावाच्या वेशीवर, मग थडग्यांमध्ये, मग नाईलपलीकडच्या एका ओसाड गढीत वीसेक वर्षे एकांतवास केला. शेवटची वर्षे त्यांनी तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरात काढली. त्याच समुद्राच्या बंदरांतून निघालेली जहाजे तोवर कित्येक पिढ्या सोपारा, कल्याण आणि चौलला येत होती. ३५६ मध्ये, परंपरेनुसार वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे सारे आपल्याला माहीत आहे ते प्रामुख्याने एका चरित्रामुळे, आणि ते चरित्र लिहिले आहे अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी. हा माणूस शांतपणे बसून संतचरित्रे लिहिणाऱ्यांपैकी मुळीच नव्हता. ३२८ ते ३७३ या पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना पाच वेळा हद्दपार व्हावे लागले आणि सुमारे सतरा वर्षे आपल्या पीठाबाहेर काढावी लागली. पुत्र हा पित्याशी एकरूप नसून पित्याने निर्माण केलेला आहे, या एरियसच्या मताशी त्यांचा आयुष्यभर लढा चालला आणि बादशहांचे वजन बराच काळ विरोधकांच्या पारड्यात होते. ३५६ मध्ये सैनिक चर्चमध्ये शिरले तेव्हा ते निसटले आणि पुढली जवळपास सहा वर्षे त्यांना वाळवंटातल्या मठवासीयांनी दडवून ठेवले. अंतोनींचे चरित्र याच अज्ञातवासातले मानले जाते, आणि त्या परिस्थितीची छाप त्याच्या पानापानावर आहे. त्यातले अंतोनी सैतानांशी झुंजतात तसे एरियसच्या अनुयायांचाही धिक्कार करतात. बिशपांपुढे आणि धर्मगुरूंपुढे मान लववतात. आणि मरताना आपल्या अंगावरच्या दोन मेंढीच्या कातड्यांपैकी एक अथानासियस यांना आणि दुसरे त्यांचे मित्र, थ्मुइसचे बिशप सेरापियन यांना देऊन जातात. संन्याशाची वस्त्रे दोन बिशपांच्या हाती पडली हा तपशील मला निव्वळ योगायोग वाटत नाही. अंतोनी खोटे रंगवले आहेत असे माझे म्हणणे नाही, परंतु आपल्याला भेटतात ते अथानासियस यांना हवे असलेले अंतोनी आहेत. अंतोनींच्या नावावरची सात पत्रे वाचली तर तिथे बराच वेगळा माणूस दिसतो, ग्रीक तत्त्वचिंतनाच्या वळणाने आत्मज्ञानाविषयी बोलणारा. चरित्रातले निरक्षर, रांगडे अंतोनी त्याच्याशी सहजासहजी जुळत नाहीत.

या चरित्राची ताकद मात्र नाकारता येत नाही. काही वर्षांतच त्याची लॅटिन भाषांतरे झाली आणि ते पश्चिमेकडे गेले. ३८६ मध्ये मिलान येथे, पुढे थोर धर्मचिंतक ठरलेल्या ऑगस्टीन यांना एका पाहुण्याने सांगितले, की ट्रिअर येथे बादशाही नोकरीतल्या दोघांनी हे पुस्तक उघडले आणि तिथल्या तिथे नोकरी सोडली. त्यानंतर बागेत ऑगस्टीन यांची जी घालमेल झाली आणि जिच्या शेवटी त्यांचे मन पालटले, तिची ठिणगी या गोष्टीत होती. एका बिशपने लिहिलेल्या पुस्तकामुळे भावी बिशप घडला, असेही म्हणता येईल.

पण पुस्तके बाजूला ठेवून कागदपत्रांकडे वळले की चित्र बदलते. इजिप्तच्या कोरड्या मातीत टिकलेल्या पपायरसांमध्ये ख्रिस्ती संन्याशाचा आज ज्ञात असलेला सर्वांत जुना उल्लेख ६ जून ३२४ चा आहे, आणि तो आहे एका शेतकऱ्याच्या तक्रार अर्जात. कारानिस गावच्या इसिडोरसच्या पिकात शेजाऱ्यांची गाय शिरली. तो तिला धरून गावाकडे नेत असताना मालकांनी त्याला बेदम झोडपले, आणि डीकन (धर्मगुरूंचा सहायक) अंतोनिनस व संन्यासी इसहाक धावून आले नसते तर जीव गेला असता, असे तो लिहितो. ज्यांनी गावचा कोंडवाडा आणि त्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या पाहिल्या आहेत, त्यांना या अर्जात परके काही वाटणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की हा इसहाक कुठल्याही दूरच्या डोंगरात नाही. तो गावाजवळ आहे, लोक त्याला ओळखतात आणि भांडणात त्याचा शब्द चालतो. नाईलकाठची ओली शेती आणि वाळवंट यांच्यात अंतर मुळात थोडेच. वाळवंटातल्या नित्रिया आणि स्केतिस या वसाहतींमधले मठवासी चटया व टोपल्या विणून विकत आणि त्या पैशांवर भाकरी खात, म्हणजे बाजाराशीही त्यांचा संबंध तुटलेला नव्हता.

इथे कान्हेरीचा विषय निघतोच. सोपाऱ्याचा स्तूप आणि कान्हेरीची लेणी आमच्या इतक्या जवळ आहेत, की ख्रिस्ती मठ बौद्ध विहारांवरून आले असा दावा आमच्याकडे गप्पांत वारंवार ऐकू येतो. व्यापारी जहाजे येत-जात होती हे खरे. अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती पंडित क्लेमेंट यांनी इसवी सन २०० च्या सुमारास बुद्धाचा नावानिशी उल्लेख केला आहे, आणि त्यांचे गुरू पान्तेनस हिंदुस्थानापर्यंत गेले होते अशी ऐकीव हकीकत चर्चचे इतिहासकार युसेबियस यांनी नोंदवली आहे. पण यातून, इजिप्तमध्ये सामुदायिक मठजीवन उभे करणाऱ्या पाखोमियस यांच्या मठापर्यंत पोहोचणारा धागा पुराव्यात सापडत नाही, आणि जीवनपद्धतीतला फरकही लहान नाही. बौद्ध भिक्खू भिक्षेवर जगत. कान्हेरीच्या लेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे आहेत. इजिप्तचा मठवासी मात्र हाताने काम करून पोट भरणे हा साधनेचाच भाग मानत असे. साम्य दिसले की लगेच उगम जोडण्याची घाई मला पटत नाही.

पाखोमियस यांचे नाव आले आहे, तर त्यांच्याकडे वळू. एकट्याने तप करणाऱ्यांना एका भिंतीआड, एका नियमाखाली आणणारा हा माणूस आधी सक्तीने सैन्यात भरती झालेला शिपाई होता. कैद्यासारखे कोंडलेल्या नवशिपायांना थीब्झच्या अनोळखी ख्रिस्ती लोकांनी अन्न आणून दिले, त्याने ते हलले आणि सुटका झाल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ३२० नंतर त्यांनी ताबेन्नेसी येथे पहिला मठ वसवला. ३४६ मध्ये साथीत त्यांचा मृत्यू झाला तेव्हा पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ त्यांच्या छायेत होते. कामाप्रमाणे घरे वाटलेली असत आणि येणाऱ्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असो वा नसो, वाचायला शिकावे लागे. अथानासियस नाईलमधून बोटीने त्या भागात आले तेव्हा त्यांच्या हातून पाखोमियस यांना धर्मगुरूची दीक्षा देववावी असा स्थानिक बिशपचा बेत होता. पाखोमियस मठवासीयांच्या गर्दीत लपून बसले आणि बोट पुढे जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. नित्रियाच्या अम्मोनियस यांनी तर बिशपपदासाठी न्यायला आलेल्या लोकांसमोर स्वतःचा डावा कान कापला, कारण जुन्या नियमशास्त्राप्रमाणे अंगात व्यंग असलेला याजक होऊ शकत नव्हता. तो नियम आपल्याला लागू नाही असे उत्तर आले, तेव्हा त्यांनी जीभ कापण्याची धमकी दिली आणि लोक परतले.

बासिल यांची गोष्ट वेगळी, कारण संन्यासी आणि बिशप ही दोन्ही माणसे त्यांच्या एकट्यात होती. इजिप्त, सीरियाकडचे मठ पाहून ते काळ्या समुद्राकाठच्या पाँतसला परतले; ३७० मध्ये कप्पदुकियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियाचे बिशप झाले आणि ३७९ मध्ये वारले. एकट्याने राहणाऱ्याला त्यांचा प्रश्न सरळ होता: तू कोणाचे पाय धुणार? आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरू यांच्यासाठी शहराबाहेर त्यांनी वसवलेल्या वस्तीत मठवासीच सेवा करत. आमच्याकडच्या सिस्टरांचे दवाखाने आणि शाळा पाहताना मला अंतोनींपेक्षा बासिल अधिक आठवतात. पण बासिल यांच्याही आधी त्यांच्या थोरल्या बहिणीने, माक्रीना यांनी, घरच्या जमिनीवर असे सामुदायिक जीवन सुरू केले होते, जिथे दासींना मालकिणींच्या बरोबरीचे स्थान होते. बासिल यांच्या उपलब्ध पत्रांत या बहिणीचे नाव येत नाही. धाकटे भाऊ ग्रेगरी यांनी तिचे चरित्र लिहिले नसते, तर सारे श्रेय बासिल यांच्याच खाती पडले असते.

बिशपांचा प्रभाव नेहमीच असा शहाणा नव्हता. ३९९ मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस यांनी, देवाला मनुष्यासारखे रूप आहे या समजुतीचा पत्राद्वारे निषेध केला. स्केतिसमध्ये सेरापियन नावाचे वृद्ध मठवासी ते मान्य करून प्रार्थनेला बसले आणि ओक्साबोक्शी रडू लागले, की माझा देव माझ्याकडून काढून नेला, आता मी कोणाची आराधना करू? साधे मठवासी चिडून शहरावर चालून येताच थिओफिलस फिरले आणि देव निराकार मानणाऱ्या, तिसऱ्या शतकातले धर्मपंडित ओरिजन यांचे ग्रंथ वाचणाऱ्या सुशिक्षित मठवासीयांनाच त्यांनी वाळवंटातून हाकलले. आश्रयाला आलेल्यांना थारा देणारे कॉन्स्टँटिनोपलचे बिशप योहान ख्रिसोस्तोम ४०३ मध्ये पदच्युत झाले, त्यामागेही थिओफिलस होते. थिओफिलस यांचे भाचे आणि त्यांच्यानंतरचे बिशप सिरिल यांच्या काळात नित्रियाचे सुमारे ५०० मठवासी शहरात उतरून रोमन अधिकाऱ्यावर तुटून पडले. संन्याशांची अशी फौज होऊ लागली, तेव्हा ४५१ च्या खल्कीदोन येथील चर्चच्या परिषदेने चौथ्या नियमाने दार लावून घेतले: बिशपच्या संमतीशिवाय कोणी मठ उभारू नये आणि मठवासीयांनी बिशपच्या आज्ञेत राहावे.

थिओफिलस यांच्या त्या धामधुमीत ज्यांना इजिप्त सोडावे लागले असे मानतात, त्यांत योहान कासियान होते. पुढे ते दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय येथे स्थिरावले आणि ४२० च्या आसपास त्यांनी इजिप्तमधल्या मठजीवनावर जे ग्रंथ लिहिले, त्यांत हे जुने वचन त्यांनी नोंदवले: संन्याशाने काहीही करून स्त्रियांपासून आणि बिशपांपासून दूर पळावे. हे वचन ज्या ग्रंथात आहे, तो त्यांनी आप्त येथील बिशप कास्तोर यांच्या विनंतीवरून लिहिला आहे. शंभरेक वर्षांनी संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत रात्रीच्या प्रार्थनेआधी कासियान यांच्या या ग्रंथांपैकी ‘संवाद’ वाचावेत असे सांगितले आणि शेवटच्या, ७३ व्या प्रकरणात त्यांच्या जोडीला बासिल यांच्या नियमांचीही शिफारस केली.