तीन एक्याऐंशी आणि तीन अठरा

आमच्या जमिनीच्या एका हिश्श्याचं क्षेत्र आकारबंदात, म्हणजे भूमी अभिलेखच्या मूळ क्षेत्रनोंदीत, 3.81 हेक्टर, ऑनलाइन सातबाऱ्यावर 3.18. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवताना कुणाकडून तरी दोन आकडे उलटे पडले आणि बाबांची जमीन विकायचं आमचं खरेदीखत आठ महिने अडलं. डिसेंबरात काम झालं. पण राग अजून गेलेला नाही.

जमीन रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. नऊ हिस्से मिळून 14 हेक्टर. वर कातळाचा सडा, मधे उतरती वरकस, म्हणजे हलकी जमीन, खाली खाजणाची, म्हणजे खाऱ्या जमिनीची पट्टी. बाबांनी पुण्यातली नोकरी संपल्यावर तिथे गुरांसाठी कुरण उभं केलं. सगळीकडून जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आणि आत सहा कप्पे, प्रत्येकाला बेडं, म्हणजे फाटक. गुरं एका कप्प्यात चरत, तोवर बाकीच्यांतलं गवत वाढे. उतारावर माती धरून ठेवायला आडवे दगडी बांध, विहिरीच्या पाण्यावर थोडं यशवंत गवत, पक्का गोठा. गुरं कोकण कपिला, लहान चणीची, कातळावर सहज चढणारी आणि तिथल्या पावसात टिकणारी. या जातीची 2018 साली देशी गोवंश म्हणून नोंदणी झाली, तेव्हा बाबांनी वाडीत पेढे वाटले होते.

बाबा गेल्यावर आम्ही तिघं उरलो: मी कोथरूडला, भाऊ ठाण्याला, आत्या सहकारनगरला. तिथे जाऊन राहणं कुणालाच शक्य नव्हतं. पडीक टाकून गडगे ढासळताना बघण्यापेक्षा गुरं पाळणाऱ्याच्या हातात द्यावं, असं आत्याच म्हणाली.

वारसनोंद, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, हे सगळं वेळेत झालं. कुळाची, म्हणजे जमीन कसणाऱ्याच्या हक्काची, नोंद नव्हती. तुमच्या जमिनीवर असेल आणि ती जमीन कुळकायद्यातल्या 32म च्या (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या) दाखल्याने आलेली असेल, तर त्याच कायद्यातली कलम 43 ची विक्रीवरची अट आधी बघा. गिऱ्हाइकांत मात्र वेळ गेला. एजंट पुण्यातल्या ज्या पार्ट्या आणत होता, त्यांना तिथे रिसॉर्ट हवं होतं. किनाऱ्याच्या 500 मीटरच्या पट्ट्यात सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात हे सांगितलं की त्या गप्प होत. शिवाय शेतजमीन घेणारा शेतकरीच लागतो, नाहीतर परवानगी घ्यावी लागते. म्हणून पहिल्या फोनलाच स्वतःच्या नावाचा सातबारा मागा, माणूस नाराज झाला तरी चालेल. शेवटी साताऱ्याकडचं दुधाचा धंदा करणारं एक कुटुंब आलं. 54 एकरांची कमाल मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे त्यांनी स्वतःच आधी तपासलं होतं. पाडव्याला विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला.

त्यानंतर त्यांच्या वकिलांचा फोन आला. "ताई, आकारबंद बघितलाय का तुम्ही?" मी बघितला नव्हता. सातबारा आहे, 8अचा खातेउतारा आहे, मालकीबदलाचे फेरफार आहेत, आणखी काय लागतं, असं मला वाटत होतं. फरक 63 आरचा, म्हणजे दीड एकराहून जास्त. आणि हा हिस्सा नेमका विहिरीचा आणि गोठ्याचा. वकील म्हणाले, "मोजणीत जागा विहिरीच्या बाजूनेच कमी पडली तर माझा पक्षकार पाण्याशिवाय गुरं कशी ठेवणार?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक, दुरुस्त करायचा अधिकार जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तहसीलदारांना आहे. एप्रिलमध्ये अर्ज केला. चूक उघड होती, दोन कागद शेजारी ठेवले की दिसत होती, म्हणून महिनाभरात होईल असं मी धरून चालले. तहसील म्हणालं, भूमी अभिलेखचं पत्र आणा. भूमी अभिलेखने आकारबंदाची नक्कल दिली, पत्र दिलं नाही. ते तहसीलने मागितलं तरच देतात म्हणे. तहसीलने मागितलं तर जावक क्रमांक सापडेना. तलाठ्यांचा अहवाल हवा होता, त्यांची बदली झाली. नव्यांनी पहिल्यापासून सगळं मागितलं. मग आत्याची संमती नाही म्हणून फाइल परत. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. तिचं प्रतिज्ञापत्र पुण्यात नोटरीकडून करून नेलं. मग शेजारच्या हिस्सेदाराला काढलेली नोटीस मुंबईहून न बजावता परत आली आणि सुनावणी पुढे गेली. एकदा नाही, तीनदा.

प्रत्येक वेळी मी स्वारगेटहून रात्रीच्या एसटीने निघायचे, पहाटे घाट उतरायचे आणि दहा वाजता त्या बाकावर जाऊन बसायचे. दुपारी उत्तर ठरलेलं, "साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात फोन करा." फोन कुणी उचलत नसे. पैसे कुणी मागितले नाहीत, हेही सांगायला हवं. पण समोरच्या बाईचे सात तास जातात, तिला आधी एक फोन करावा, हे एकालाही सुचलं नाही. तिकडे कुरणात गवत कमरेइतकं झालं. साठेखताची, म्हणजे विक्रीच्या कराराची, मुदत संपत आली. सातारकरांनी ती दोनदा वाढवून दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ऑगस्टमध्ये भावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्यात तक्रार नव्हती, फक्त तीन प्रश्न होते: फाइल आज कोणाकडे आहे, कधीपासून आहे, तिच्यावर शेवटचा शेरा काय आहे. तिसाव्या दिवशी उत्तर आलं आणि त्याच आठवड्यात सुनावणीची तारीखही आली. सुनावणी दहा मिनिटांची. मी बाबांच्या ट्रंकेतला हस्तलिखित सातबारा पुढे केला, त्यावर शाईने स्वच्छ 3-81-0. अधिकाऱ्यांनी एकदा बघितला आणि मान डोलावली. बाहेर येऊन मी रडले. आदेश नोव्हेंबरात हातात पडला.

तेव्हा जुने हस्तलिखित उतारे कधीही रद्दीत टाकू नका. आणि गिऱ्हाईक शोधायच्या आधी प्रत्येक हिश्श्याचं क्षेत्र आकारबंदाशी ताडून बघा. आमच्यासारखं विसार घेतल्यावर नको.

खरेदीखताचा दिवस अर्ध्या तासात संपला. आत्यासाठी कुलमुखत्यारपत्र आधीच नोंदवून ठेवलं होतं. नंतर फेरफारासाठी 15 दिवसांची हरकतीची मुदत असते, तेवढ्यात आम्ही गुरांची व्यवस्था लावली. बावीसांपैकी एकोणीस जमिनीबरोबर गेली. तीन म्हाताऱ्या गाई गुरांकडे बघणाऱ्या काकांनी स्वतःच्या गोठ्यात नेल्या. त्यांच्या चाऱ्याचे पैसे आम्ही दर महिन्याला पाठवतो.

एक सांगायचं राहिलं. आयकराचं सीएला आधी विचारा. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. ते अंतर त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येनुसार 2, 6 किंवा 8 किलोमीटर असतं. आमची जमीन त्याच्या बाहेर होती. तसा दाखलाही आम्ही घेऊन ठेवला आहे, त्याच ट्रंकेत.