नवं सील, जुनीच गळती: माझा अनुभव

गाडी बाबांची. जुनी पेट्रोल हॅचबॅक. तिची धाव कोपरखैरण्याहून वाशीच्या एपीएमसी मार्केटपर्यंत, फार तर स्टेशनपर्यंत. पार्किंगमध्ये तेलाचा डाग दिसायला लागला, तेव्हा एका गॅरेजवाल्याने इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडणारे थेंब दाखवले आणि क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय म्हणून सांगितलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. तेही केलं. मग अलिबागला जाऊन आलो आणि डाग पुन्हा हजर. आता उत्तर मिळालं, ‘पीस खराब लागला असेल, परत उतरवू.’

नवं सील इतक्यात का जावं, हे मात्र कुणी सांगेना. म्हणून गाडी तुर्भ्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली.

त्यांनी आधी इंजिन धुतलं. डीग्रीझर मारून, हवेने कोरडं करून वर चक्क टाल्कम पावडर उडवली आणि म्हणाले, “ताई, पाम बीचला एक फेरी मारून या.” परत आल्यावर पावडरीत तेलाची वाट स्पष्ट उमटली होती. सुरुवात वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या आवरणाच्या, मागच्या कोपऱ्यात. तिथून ओघळ इंजिनच्या पाठीवरून उतरून बरोबर त्या सांध्यापाशी थेंब धरत होता. मागच्या सीलवर आळ आला तो असा. शिवाय ऑइलच्या झाकणाभोवती ओल होती आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, जागेवरून किंचित वर आलेली.

“एकाच ठिकाणी गळलं तर पॅकिंग बदलू. तीन ठिकाणांहून येतंय म्हणजे आतून कोणीतरी ढकलतंय.”

ढकलणारा असतो वायू. इंजिन कितीही चांगलं असलं, तरी जळालेल्या मिश्रणाचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या पोकळीत, उतरतोच. जुन्या काळी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडायचे. आता पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून, हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या ओढीने तो परत इंजिनात जळायला जातो. ही वाट तुंबली की दाब साठतो आणि जिथे रबर कमजोर तिथून तेल बाहेर पडतं.

पाहणी मला फार आवडली, कारण मशीन एकही लागलं नाही. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून ऑइलचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवला. धडधाकट इंजिन तो हलकेच ओढून धरतं. आमचा उडत होता. मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवलं, झाकण लावलं आणि नळीचा यू करून त्यात पाणी भरलं. रेस दिली की पाणी इंजिनपासून लांबच्या बाजूला चढायचं. आत दाब आहे, याचा पुरावा डोळ्यांसमोर.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतला तुकडा खुळखुळायला हवा, हा मुका. हवेच्या फिल्टरकडे जाणारा ब्रीदर पाइप पिवळसर-पांढऱ्या लगद्याने निम्मा भरलेला. फिल्टरच्या डब्यातही तेल. छोट्या फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, ती तेलात मिसळते आणि असा लगदा साचतो. बाबांचं भाजी आणणं इथवर पोचलं होतं!

व्हॉल्व्ह, त्याचं कडक झालेलं रबर बूच, पाइप आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं घातलं. कव्हरमधली ब्रीदरची वाट साफ केली, ऑइल बदललं. व्हॉल्व्ह काहीशे रुपयांचा. पुन्हा नळी लावली, तर पाणी किंचित इंजिनकडे ओढलं गेलं. ते बाहेरच ढकललं गेलं असतं, तर रिंगा झिजल्यात का हे बघायला कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायचं ठरलं होतं. ती वेळ आली नाही.

मागच्या सीलला या वेळी कुणी हात लावलेला नाही आणि तिथे कोरडं आहे. पुढच्या क्रँक सीलपाशी थोडी ओल अजून दिसते. मेकॅनिक म्हणाले, ते सील टायमिंगचं काम निघून इंजिनची पुढची बाजू उघडेल तेव्हा बदलू. तोवर बाबांनी अधूनमधून बेलापूरपर्यंत तरी गाडी न्यायची, असं ठरलंय. ते म्हणतात, बेलापूरला भाजी महाग मिळते.