कट कुठे मारायचा?

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. न्यूज चॅनलमध्ये दिवाळीनंतरचा शनिवार म्हणजे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सुट्टीवर गेलेली मंडळी अजून परतलेली नसतात. 25 ऑक्टोबर 2025. एडिट बेवर मी होते, शेजारच्या मशीनवर कुणीच नव्हतं. संध्याकाळच्या रनडाउनची, म्हणजे बातम्यांच्या क्रमाची, जुळवाजुळव चालली होती आणि बातम्या गोळा करणाऱ्या इनपुट डेस्कवरून आवाज आला, "सतीश शाह गेले. कन्फर्म आहे, ब्रेकिंग मारा."

पुढच्या काही मिनिटांत नेहमीची धावपळ सुरू झाली. पट्टी गेली, अँकर फोनवरून प्रतिक्रिया घ्यायला लागली. मूत्रपिंड निकामी झाल्याचं त्या दिवशी सगळीकडे सांगितलं जात होतं. त्यांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं होतं. पुढे त्यांचा सहकलाकार राजेश कुमारने हृदयविकाराचा झटका आल्याचं स्पष्ट केलं. वय 74. माझ्याकडे आलेलं काम एका ओळीचं होतं: "ताई, चार मिनिटांचं पॅकेज. गाजलेले डायलॉग एकामागोमाग एक लावा, खाली हळवं म्युझिक टाका."

कलाकार गेला की आमच्याकडे पॅकेजचा साचा ठरलेला असतो. जन्म, शिक्षण, पहिलं काम, मग डायलॉगांची माळ, मग दोन सहकलाकारांचे बाईट. विनोदी नट असेल तर माळ आणखी सोपी, कारण त्याची एखादी लकब किंवा तकियाकलाम लोकांच्या तोंडी असतोच. तो लावला की बघणारा घरबसल्या ओळखतो. मी त्याच हिशेबाने व्हिज्युअल्स मागवली आणि टाइमलाइनवर टाकत गेले. माळ काही होईना.

कॉपी लिहायला एक नवा मुलगा होता. त्याला सतीश शाह म्हणजे 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या टीव्ही मालिकेतले इंद्रवदन, तेही बरेचसे रील्समधून माहीत झालेले. तो म्हणाला, "ताई, यातले पंच तर दुसऱ्यांचेच आहेत." पोरगा बरोबर बोलत होता. मिडल क्लास म्हणून नाक मुरडणं इंद्रवदनच्या बायकोचं, मायाचं, म्हणजे रत्ना पाठक शाहांचं. कविता धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या. गोंधळ सुनेचा, मोनिषाचा, आणि मधे सापडून हैराण होणारा तिचा नवरा, सुमीत राघवनचा साहिल. इंद्रवदन काय करतात? काडी टाकतात आणि मागे सरून बसतात. सासू-सुनेत जुंपली की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तिथे आपण हसतो.

मी रोसेशच्या कवितेचा एक प्रसंग काढला. कविता चाललीय, इंद्रवदन ऐकतायत. कविता कापून फक्त त्यांचा चेहरा ठेवायचा, असं ठरवून मी कट शोधायला लागले. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला 25 फ्रेम जातात, आणि एडिटरचा दिवस त्या फ्रेम मोजण्यात जातो. सामान्य नटाचं कसं असतं, समोरच्याचं वाक्य संपतं, एक क्षण कोरा जातो, मग प्रतिक्रिया सुरू होते. त्या कोऱ्या जागेत आमची कात्री चालते. इथे कोरी जागाच सापडेना. समोरचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांचे डोळे कामाला लागलेले; पुढचा शब्द काय येणार याची धास्ती आधी, तो आल्यावरची वेदना नंतर, आणि त्यातच बायकोकडे टाकलेला एक चोरटा कटाक्ष. कुठेही कापलं तरी काहीतरी तुटत होतं. इतकी वर्षं मी विनोदी कार्यक्रम कापतेय, पण ऐकण्याचं काम इतकं गच्च भरून करणारा नट मशीनवर क्वचितच आला होता.

मग मी निर्मात्याला बोलावून घेतलं. म्हटलं, डायलॉग राहू द्या, ह्यांचं ऐकणं दाखवू या. तो आधी गप्प झाला. साडेसहाच्या बुलेटिनला पॅकेज हवं होतं आणि मी साचाच मोडायला निघाले होते. शेवटी म्हणाला, "करा, पण चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं."

'जाने भी दो यारो' काढला. 1983 सालचा कुंदन शाह यांचा सिनेमा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले सतीश शाह त्या वेळी तिशीत होते आणि म्युनिसिपल कमिशनर डिमेलोची भूमिका करत होते. डिमेलो जिवंत असतो तेव्हा केक खातो, भाषणं ठोकतो, ते सगळं झकास आहेच. पण नंतर तो मरतो आणि सिनेमाचा मोठा भाग त्यांनी प्रेत म्हणून केलाय. नशेत तर्र झालेला ओम पुरींचा आहुजा शवपेटीलाच मोटार समजून आतल्या डिमेलोशी गप्पा मारतो. समोरचा नट सगळा जोर लावतोय आणि ह्यांनी पापणीसुद्धा हलवायची नाही. पुढे तेच प्रेत महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभं राहतं, साडी नेसून, आजूबाजूला भीम-दुर्योधनांची हाणामारी. प्रेताचं काम सोपं, असं ज्याला वाटतं त्याने तो प्रसंग आवाज बंद करून एकदा बघावा. शरीर सैल सोडायचं, पण तोलही सांभाळायचा. लोक ओढतील तिकडे जायचं, आणि तरी चेहऱ्यावर एक निर्विकार भारदस्तपणा टिकवायचा. ते हललेच नाहीत म्हणून भोवतालचा सगळा धिंगाणा विनोदी झाला, असं माझं ठाम मत आहे.

दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' लागायची तेव्हा मी शाळेत होते. 1984 साल. शरद जोशींचं लेखन, दिग्दर्शनात पुन्हा कुंदन शाह होतेच. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी ही घरातली माणसं ठरलेली, आणि सतीश शाह दर भागात वेगळाच कुणीतरी बनून दारात उभे. अशा 55 भूमिका त्यांनी केल्या. आमच्या घरी बेल वाजायचा प्रसंग आला की आई म्हणायची, "थांब गं, आता तो येईल." तो म्हणजे कोण, हे तिलाही ठाऊक नसायचं. टीव्हीवरचा नट एका भूमिकेला चिकटला की वर्षानुवर्षं घर चालतं. त्यांनी सुरुवातच उलट्या बाजूने केली, दर आठवड्याला आधीची ओळख पुसून. त्यांची डायलॉगांची माळ का होत नव्हती, याचं उत्तर मला तिथे मिळालं. 'फिल्मी चक्कर', 'कॉमेडी सर्कस'चं परीक्षकपद, 'मैं हूँ ना'मधले बोलताना थुंकी उडवणारे प्राध्यापक, हे सगळं घेताना मग मी वाक्यं शोधलीच नाहीत.

दूरदर्शनचं जुनं चित्र चौकोनी, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. नवीन पद्धत अशी की मागे तेच चित्र मोठं आणि धूसर करून लावायचं. मी पट्ट्या तशाच ठेवल्या. चेहरा बघायचाय, तर मागे हलणारं काहीच नको. म्युझिकही टाकलं नाही. ज्याच्या चेहऱ्यावर लोक हसणार आहेत, त्याच्याखाली रडकी बासरी लावणं मला पटेना.

पॅकेज साडेसहाला लागलं. तोवर सचिन पिळगांवकरांचं बोलणं आलं होतं. 'गंमत जंमत'पासूनची, 1987 पासूनची त्यांची मैत्री. त्यात सतीश शाह पोलीस इन्स्पेक्टर होते. त्याच दिवशी दुपारी आपल्याला त्यांचा मेसेज आला होता, असं सचिनजी सांगत होते. नऊच्या बुलेटिनसाठी निर्मात्याने पॅकेजची वेळ वाढवून दिली, न मागता. मी तो इन्स्पेक्टर आत घेतला.

रविवारी अंत्यसंस्कार झाले. 'साराभाई'ची मंडळी तिथे जमली आणि त्यांनी मालिकेचं शीर्षकगीत गायलं. मालिकेचा दिग्दर्शक देवेन भोजानीनेच ते सांगितलं; एकत्र भेटलो की आम्ही हे गातोच, म्हणून आजही गायलो, असा त्याचा सूर होता. कॉपीवाला मुलगा अडखळला. स्मशानात गाणं म्हटलं, हे लिहायचं कसं, लोक नावं ठेवतील. वरिष्ठांपैकी एकाने "भावपूर्ण निरोप एवढंच लिही" असंही सुचवलं. मी त्याला म्हटलं, जसं घडलं तसं लिही, गायले म्हणजे गायले. त्याने तसंच लिहिलं, आणि दुपारच्या बुलेटिनला अँकरने ते जसंच्या तसं वाचलं.