एमजीबी आणि टीआर६: मागच्या कार्बचं दुखणं सापडलं

माझ्याकडे एमजीबी आणि टीआर६ अशा दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहेत. त्यातल्या एमजीबीचं आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणं) अखेर स्थिरावलं! दोष मागच्या एसयू एचएस४ कार्बच्या (कार्ब्युरेटर, इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग) थ्रॉटल स्पिंडलमध्ये, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या जागी निघाला.

मागच्या दोन सिलिंडरचे स्पार्क प्लग पांढरे (पेट्रोल कमी पडत असल्याची खूण), पुढच्या दोघांचे छान तपकिरी. एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनाच्या हेडला चार सिलिंडरना मिळून दोनच इनलेट पोर्ट (मिश्रण आत जायच्या वाटा), मागच्या दोघांना मागचा कार्ब, म्हणून संशय थेट त्याच्यावर. जेट नट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा नट) एकेक फ्लॅट, म्हणजे एकेक बाजू, खाली घेतला की आयडल सुधारायचं, पण थ्रॉटल उघडला की तेच मिक्श्चर फार रिच (जास्त पेट्रोलचं) व्हायचं. वैताग आणला तो लिफ्टिंग पिननं. या पिननं कार्बमधला पिस्टन किंचित उचलून मिश्रण तपासतात. तो उचलला की कधी आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढायचे, कधी पडायचे. सेटिंग एकच, उत्तरं दोन! जेट सेंटर केला, फ्लोट लेव्हल पाहिली, मॅनिफोल्डची गॅस्केट बदलली. फरक शून्य.

मग चालू इंजिनवर स्पिंडलच्या टोकाशी तेलाचा थेंब सोडला आणि आवाज लगेच बदलला. स्पिंडल ज्यात फिरतो ते कार्बच्या बॉडीतलं भोक झिजून लंबगोल झालं होतं. थ्रॉटल बंद होताना स्पिंडल दर वेळी वेगळ्या जागी टेकायचा, तशी आत शिरणारी हवाही बदलायची.

‘संपूर्ण’ म्हणून विकली जाणारी रिबिल्ड किटं इथे निरुपयोगी. त्यात गॅस्केटं नवी मिळतात, बॉडीची झीज तशीच राहते. भोक रीम करून (कापून गोल मोठं करून) ब्राँझचे बुश (कडी) बसवले, स्पिंडल नवा घातला, झडपेची डिस्क नीट मध्यावर बसल्यावरच स्क्रू आवळले. दोन्ही कार्ब जुळवायला एअरफ्लो मीटर वापरला, पण शेवटचा निर्णय कानाला लावलेल्या रबरी नळीचाच. आता पिस्टन उचलला की आरपीएम जरासे चढून परत जागेवर येतात. हा आवाज ऐकत बराच वेळ नुसता उभा होतो.

आता दोन्ही गाड्यांच्या कार्बच्या तुलनेकडे. टीआर६ म्हटलं की सगळे १५० हॉर्सपॉवरच्या पीआय (पेट्रोल इंजेक्शन) मॉडेलबद्दल बोलतात. माझी टीआर६ स्ट्रॉमबर्ग कार्बवाली. तत्त्व एसयूचंच, पण पिस्टनवर रबरी डायफ्रॅम आणि स्पिंडलला सील. एचएस४ला ते सीलच नाहीत. या मुद्द्यावर टीआर६ सरळ पुढे.

पुढचं काम टीआर६च्या डिफ माउंटचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा आधार) ठरलं होतं. पण तिचे स्पिंडल सीलही जुनेच आहेत, तेव्हा तेलाच्या थेंबाची चाचणी आधी तिच्यावर करतो. माउंटच्या वेल्डला तडा दिसला, तर मात्र कार्बचं काम थांबेल.