सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली की दोन गोष्टी घरी फोनवर सहसा सांगितल्या जात नाहीत. नोकरी गेली ही, आणि क्रेडिट कार्डाचं बिल थकलं ही. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वकिली करते. माझ्याकडे लोक नेमक्या याच दोन गोष्टी घेऊन येतात, कारण इमिग्रेशन आणि सामान्य माणसांची दिवाळखोरी, अशी माझी दोन कामं आहेत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली की पुढे जास्तीत जास्त ६० दिवस त्याला इथं राहता येतं. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही, तर घरभाडं, दवाखाना, विमानाची तिकिटं, सगळं कार्डावर जातं. मग एकाच माणसाच्या दोन फायली होतात.

पुण्यात एलएलबी, इथं एलएलएम, मग न्यूयॉर्कची दोन दिवसांची बार परीक्षा, असा माझा रस्ता. इथं सनद मिळण्याआधी ५० तास विनामूल्य कायदेसेवा करावी लागते. त्या तासांतच मी दिवाळखोरीचे अर्ज भरायला शिकले आणि या कामात रमले.

दिवाळखोरीचा अर्ज करायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. अर्ज दाखल झाला की वसुलीचे फोन आणि पगारावरची जप्ती थांबते. दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर ७ या प्रकारात साधारण चार महिन्यांत कार्डांचं, दवाखान्याचं कर्ज माफ होतं. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे. केवळ दिवाळखोरी जाहीर केली म्हणून कुणाचं ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नाकारलं जात नाही. थकलेल्या कराबद्दल मात्र नागरिकत्वाच्या अर्जात थेट विचारतात.

चॅप्टर ७ ची एक गोष्ट मला अजूनही सलते. वकिलाला फी आधीच घ्यावी लागते, कारण अर्ज करताना थकलेली फीसुद्धा इतर कर्जांबरोबर माफ होऊन जाते. त्याशिवाय कोर्टाचे ३३८ डॉलर. उत्पन्न फारच कमी असेल तर कोर्ट ते माफ करतं, पण या वाटेची माहिती अनेकांना नसते.

आता सातबाऱ्याकडे येते. अर्जात जगात कुठंही असलेली मालमत्ता लिहावी लागते, तीही शपथेवर. इथल्या वकिलाला गावाकडच्या जमिनीबद्दल काय विचारायचं ते सुचत नाही. मी विचारते. ‘‘ती बाबांची आहे हो ताई, माझं काही नाही,’’ हे उत्तर ठरलेलं. बाबा जाऊन काही वर्षं झालेली असतात, गावातल्या भावानं तलाठ्याकडे वारसनोंद केलेली असते, फेरफारात सगळ्या भावंडांची नावं चढलेली असतात, आणि अमेरिकेतल्या भावंडाला त्याचा पत्ताच नसतो. वडिलोपार्जित जमीन असेल तर २००५ पासून मुलीलाही जन्मानं हिस्सा आहे. म्हणून बायकांना मी आणखी एक प्रश्न विचारते: गेल्या दोन वर्षांत भावाला हक्कसोडपत्र करून दिलंय का? आपल्याकडे ते प्रेमानं होतं. पण इथला ट्रस्टी, म्हणजे कर्जदाराची मालमत्ता विकून देणेकऱ्यांचे पैसे वसूल करणारा माणूस, विचारतो, कर्ज थकलेलं असताना मोबदला न घेता हिस्सा का सोडला?

आईबरोबरची जॉइंट एफडी, पीपीएफ, लॉकरमधलं सोनं, भाच्याच्या मुंजीला पाठवलेले पैसे, सगळं सांगावं लागतं. दोन वर्षांत एका माणसाला ६०० डॉलरपेक्षा जास्त भेट दिली असेल तर तीही.

लिहिलं म्हणजे गेलंच, असं नव्हे. तीन भावांत सामाईक असलेली, विहिरीच्या पाण्यावरून अडलेली दोन एकर विकायला जाणं ट्रस्टीला सहसा परवडत नाही. पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी. तिथं मी चॅप्टर १३ चा विचार करायला सांगते, म्हणजे फ्लॅट ठेवून त्याच्या किमतीच्या हिशेबानं हप्ते भरता येतात. लपवलं तर मात्र पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला आणि त्यातलं नुकसान १०,००० डॉलरच्या वर असलं, तर ग्रीन कार्ड असलेल्यालाही देशाबाहेर काढता येतं. माझ्या दोन्ही फायली इथं एकत्र येतात. म्हणून अशील कितीही अवघडला तरी मी हा प्रश्न सोडत नाही.

घरच्यांनो, मुलानं किंवा मुलीनं अचानक सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची प्रत मागितली, तर ‘जमिनीवर डोळा आहे का’ असं विचारू नका. महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तो काढून पाठवा. वाटणीचा वाद चालू असेल तर तोही स्पष्ट कळवा, त्याची नोंद अर्जात उपयोगी पडते. आणि हक्कसोडपत्रावर मुलीची सही हवी असेल, तर आधी तिला विचारा, ‘‘तुझं तिकडे सगळं ठीक चाललंय ना?’’ उत्तर येईपर्यंत सहीची घाई करू नका.